शाळेतल्या नर्सबाईंना मुलांबद्दल किती सांगावे?

रेघोटी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. गेल्या तीन आठवड्यांत ती पोट दुखते म्हणून सात वेळा वर्गातून उठून आरोग्य कक्षात गेली, हे मला तिच्याकडून नव्हे, तर शाळेतल्या नर्सबाईंच्या फोनवरून कळले. सात हा आकडा त्यांनी नोंदवही पाहून सांगितला आणि तारखा-वेळाही वाचून दाखवल्या. प्रत्येक वेळी तिला पंधरा-वीस मिनिटे आडवे करून, ताप पाहून, बरे वाटल्यावर वर्गात परत पाठवले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, लघवीची तपासणी करून घेतली आणि काळजीचे काही दिसत नाही असे सांगितले. घरी आम्ही तिला एकदोनदा ‘अभ्यास टाळायला ही नाटके करू नकोस’ असेही बोललो आहोत आणि त्याची रुखरुख आता लागून राहिली आहे.

परवा नर्सबाईंनी भेटायला बोलावले. त्यांच्यासमोर मी वर्षाच्या सुरुवातीला भरून दिलेला आरोग्याचा फॉर्म होता. त्यातले दोन रिकामे रकाने दाखवून हे राहिले का, असे त्यांनी विचारले. पहिला होता ‘घरात अलीकडे काही मोठा बदल झाला आहे का’ हा. दुसरा इथे लिहीत नाही. मी ‘राहून गेले असेल’ असे म्हणून वेळ मारून नेली. खरे तर ते राहिले नव्हते, मी ते जाणूनबुजून सोडले होते. मुलीचे वडील नोकरीसाठी चार महिने बाहेरगावी आहेत. ही गोष्ट शाळेला कशाला सांगायची, असे तेव्हा वाटले होते.

आता प्रश्न असा आहे की, पट्टी बांधणे आणि ताप मोजणे यापलीकडे शाळेतल्या नर्सचे काम नेमके कुठवर जाते, आणि घरातली कोणती गोष्ट त्यांना सांगावी, कोणती आपल्यापाशी ठेवावी? अनुभवी पालकांनी कृपया लिहावे.


शंकासुर | सोमवार, रात्री १०:१२

माझे मत स्पष्ट आहे: लागेल तेवढेच सांगा. माझा मुलगा दुसरीत असताना त्याला रात्री दमा उसळत असे, म्हणून फॉर्ममध्ये आम्ही तसे प्रामाणिकपणे लिहिले. पुढच्या पालकसभेत वर्गशिक्षिकेने पंचवीस पालकांसमोर ‘याला जरा जपायला लागते, हा आजारी असतो ना’ असे म्हटले, आणि त्या दिवसापासून खेळाच्या संघात त्याला राखीव म्हणूनसुद्धा कोणी घेतले नाही. दमा त्याने पेलला. ते ‘आजारी’ हे विशेषण मात्र त्याला दोन वर्षे चिकटून राहिले. कागदावर लिहिलेली गोष्ट कुणाच्या हाती पडेल, यावर आपले नियंत्रण राहत नाही.


तीन_तेरा | सोमवार, रात्री १०:२०

त्या सात वेळांपैकी गणिताच्या तासाला किती, हेही नोंदवहीत असेलच. आमच्या काळी ती नोंद थेट पाठीवर होत असे.


मधली_सुट्टी | सोमवार, रात्री ११:०५

रेघोटीताई, मी गेली चौदा वर्षे शाळेत परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते.

तीन_तेरा यांनी विनोद केला असला, तरी त्यांचा प्रश्न अगदी नेमका आहे. नोंदवही आम्ही त्यासाठीच ठेवतो. एका दिवशीचे पोटदुखणे फारसे काही सांगत नाही. पण तेच सात वेळा, तारीख, वार, तास, येण्यापूर्वी मूल कुठे होते आणि किती वेळात बरे वाटले, अशा ओळी एकाखाली एक लिहिल्या की बऱ्याचदा त्यातून आकृती उमटते. एक मुलगा दर मंगळवारी डोके दुखते म्हणून यायचा. मंगळवारी त्याला मागच्या बाकावर बसावे लागे आणि फळा दिसत नसे. दुसरी एक मुलगी नेहमी मधली सुट्टी संपण्याआधी दहा मिनिटे यायची. तिला काहीच होत नव्हते, तिच्याशी कोणी खेळत नव्हते. डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतात, तुम्ही सकाळ-संध्याकाळ पाहता. मधले सहा-सात तास आमच्या समोर असतात.

शंकासुर यांचा राग मला पूर्ण पटतो. तिथे चूक माहिती देण्यात नव्हती, ती जपण्यात झाली. माहिती प्रत्येकाला कामापुरतीच द्यायची असते. अपस्मार असलेल्या मुलाचे निदान, औषधे आणि मात्रा माझ्याकडे असतात. वर्गशिक्षिकेला झटका आल्यास काय करायचे ते ठाऊक असावे लागते, म्हणजे वेळ पाहायची, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवायच्या, मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही आणि झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला तर रुग्णवाहिका बोलवायची. पोहण्याच्या शिक्षकांनाही हे ठाऊक हवेच. बाकी कुणाला त्यातले काहीही कळण्याचे कारण नाही. फॉर्म देतानाच ‘हा कागद कुठे राहील आणि कोण वाचेल’ असे विचारा. ज्या नर्सला हा प्रश्न आवडणार नाही, तिच्याबद्दल जरूर शंका घ्या.

आता तुमच्या मुलीबद्दल. इथून निदान करणे योग्य नाही, पण मी असते तर काही गोष्टी विचारल्या असत्या. दुखणे सुट्टीच्या दिवशीही असते का? ती शाळेतून आल्या आल्या सर्वांत आधी काय करते? पाण्याची बाटली घरी परत येते तेव्हा किती भरलेली असते? आणि तो दुसरा रकाना, जो तुम्ही इथे लिहिला नाही, तो इथे लिहू नकाच. पण तुमच्या नर्सबाईंना त्याचे उत्तर द्या. फॉर्ममधले प्रश्न एकमेकांशी असंबद्ध वाटतात, तसे ते नेहमीच नसतात.


कुंपण | मंगळवार, सकाळी ७:३०

मुलाला एकटा वाढवणारा बाप म्हणून एक कबुली देतो. गेल्या वर्षी मुलाचे अंग सकाळी कोमट लागत होते. त्या दिवशी रजा मिळणे शक्य नव्हते, म्हणून सात वाजता पॅरासिटामॉल देऊन त्याला शाळेत सोडले. साडेअकराला शाळेतून फोन आला. मी पोहोचलो तेव्हा तो आरोग्य कक्षातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता आणि ताप ३९ अंश होता. नर्सबाईंनी एवढेच विचारले, “सकाळी किती वाजता दिले होते?” दिले होते का, असे त्यांनी विचारलेच नाही.


मधली_सुट्टी | मंगळवार, सकाळी ८:१०

@कुंपण, कारण हिशेब सोपा असतो. त्या औषधाचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो, त्यामुळे सात वाजता झाकलेला ताप अकरा ते एकच्या दरम्यान वर येतो. आमच्याकडे आजारी मुलांची गर्दी त्याच वेळेत असते. तुम्हाला लाजवण्यासाठी हा प्रश्न नसतो; दुसरी मात्रा कधी देता येईल आणि ताप नेमका केव्हापासून आहे, हे त्यावर ठरते.

बहुतेक शाळा पाळतात तो नियम असा, की ताप, म्हणजे ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त, हा औषध न देता २४ तास उतरलेला असेल तरच मुलाला पाठवावे. त्यातले ‘औषध न देता’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे आहेत. उलटी-जुलाब थांबल्यावर काही ठिकाणी २४, तर काही ठिकाणी ४८ तास थांबायला सांगतात. आपल्या शाळेचा नियम विचारून घ्यावा. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, तर गोवरात पुरळ उठल्यानंतर चार दिवस घरी ठेवतात. याउलट नुसते नाक वाहते, मूल खेळते-खाते आहे आणि ताप नाही, अशा वेळी घरी ठेवण्याची गरज नसते. काही पालक साध्या सर्दीला आठवडाभर घरी ठेवतात आणि तापात मात्र पाठवतात, हे मला आजवर उमगलेले नाही.


कुंपण | मंगळवार, सकाळी ८:२५

उमगत नाही ते सांगतो. सर्दी शनिवारी-रविवारी येते आणि ताप नेहमी महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी. नियम मान्य आहे, पण ज्याच्या घरी दुसरे माणूस नाही त्याने २४ तास कुठून आणायचे, हेही त्या नियमपत्रकात कुणीतरी लिहावे.


सायंतारा | मंगळवार, दुपारी १:१५

कुंपण यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला नर्सबाईंकडे उत्तर नाही, ते कामाच्या ठिकाणांकडे मागायला हवे. मी मात्र मूळ प्रश्नावर लिहिते.

माझ्या मुलाला सहाव्या वर्षी टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. आमच्यापुढे ‘किती सांगावे’ हा प्रश्नच उरला नाही. सगळेच सांगावे लागले. पहिल्या आठवड्यात मी शाळेच्या फाटकाबाहेर बसून राहत असे. चौथ्या दिवशी नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही इथे बसलात तर तो खिडकीतून तुम्हालाच पाहत राहतो. तुम्हाला जे येते ते मला शिकवा आणि घरी जा.” मग आम्ही दोघींनी बसून एका पानावर सगळे लिहिले. रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर १५ ग्रॅम लगेच भिनणारी साखर द्यायची, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. तरीही कमी असेल तर पुन्हा द्यायचे. आणि बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीही न देता ग्लुकागॉन (साखर वाढवणारे इंजेक्शन) टोचायचे व रुग्णवाहिका बोलवायची. त्या पानावर त्यांनी माझ्याकडून आणखी एक ओळ लिहून घेतली, जी मला कधी सुचली नसती: ‘साखर उतरली की हा रडत नाही, चिडत नाही, हा फार शहाण्यासारखा गप्प होतो.’ वर्गशिक्षिकेला बाकी आकडे लक्षात राहिले नाहीत, ती ओळ राहिली, आणि दोनदा केवळ त्या ओळीमुळे त्याची साखर वेळेत मोजली गेली.

शंकासुर, तुमच्या मुलाबाबत जे घडले ते वाईटच झाले. पण न सांगितलेल्या दम्याचा झटका मैदानावर आला असता तर काय, हा विचारही करून पाहा.


शंकासुर | मंगळवार, दुपारी २:००

@सायंतारा, जिवावर बेतणारे आजार सांगावेच लागतात, त्याबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप मधल्या पट्ट्यातल्या गोष्टींना आहे. घरातले ताणतणाव, आईबापांचे वेगळे राहणे, मुलाची भीती, रात्रीच्या सवयी. या बाबतीत नर्सबाईंना काय करता येणार आहे?


जुनेजाणते | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

शंकासुर यांच्या प्रश्नाला जुनेच उत्तर आहे. शाळेत नर्स नेमण्याची कल्पना मुळात उपचारासाठी नव्हे, तर घर आणि शाळा यांच्यामधली दरी बुजवण्यासाठी पुढे आली. न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर शाळेत येऊन मुलांना तपासत आणि खुपरी (डोळ्यांचा संसर्ग), नायटा, उवा दिसल्या की चिठ्ठी देऊन घरी पाठवत. चिठ्ठी बहुतेक आयांना वाचता येत नसे आणि उपचार कोणी करत नसे, त्यामुळे मुले रस्त्यावर हिंडत राहत. १९०२ साली परिचारिका व समाजसेविका लिलियन वाल्ड यांच्या संस्थेने लीना रॉजर्स या परिचारिकेला एका महिन्याच्या प्रयोगासाठी चार शाळांमध्ये पाठवले. ती शाळेत मलमपट्टी करी आणि शाळा सुटल्यावर त्या मुलांच्या घरी जाऊन आयांना समजावून सांगे. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारापायी शाळेबाहेर काढलेल्या मुलांची नोंद १०,५६७ होती, ती पुढच्या सप्टेंबरात १,१०१ वर आली. प्रयोग यशस्वी ठरल्यावर आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. तिच्याकडे कोणतेही नवे औषध नव्हते. ती फक्त घरात शिरली.


तीन_तेरा | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

उवांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरच्या पाहुण्यांची हकिगत सांगतो. शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा आमच्या मातोश्रींनी ‘आपल्या घरात असले काही नसते’ असे जाहीर केले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याच डोक्यात तीन सापडल्या.


मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री ९:२०

उवांवरून घराची लाज निघते, म्हणून लिहिते. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत दुसरीकडे जाते. तिला स्वच्छ केस आणि अस्वच्छ केस यांतला फरक कळत नाही. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे घरभर औषध फवारण्याची गरज नसते. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून बहुतेक औषधे आठ-नऊ दिवसांनी पुन्हा लावावी लागतात, आणि लोकांची चूक तिथेच होते. उवांसाठी मुलाला दिवसाच्या मध्यात घरी पाठवू नये, असे बालरोगतज्ज्ञही सांगतात, कारण त्या सापडल्या तेव्हा त्यांना तिथे येऊन काही आठवडे झालेले असतात. चिठ्ठी आली की त्या रात्री कंगवा घेऊन दिव्याखाली बसायचे, एवढेच.

@शंकासुर, ‘काय करता येणार आहे’ याचे उत्तर: पुष्कळदा काहीच नाही. घरातले भांडण मी सोडवू शकत नाही. पण मुलाच्या आजीचे निधन झाले आहे हे मला ठाऊक असेल, तर डोके दुखते म्हणून आलेल्या त्या मुलाला मी थर्मामीटर लावून परत पाठवत नाही, दहा मिनिटे बसू देते.


बालवैद्य | बुधवार, सकाळी ६:५०

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे. रेघोटी यांनी पोटदुखीचे जे वर्णन केले आहे, ते आमच्या ओपीडीत रोज दिसते. जॉन अ‍ॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली होती आणि त्यात साधारण दहा मुलांमागे एकाला वारंवार पोटदुखी असल्याचे आढळले. त्यांतल्या बहुसंख्य मुलांच्या पोटात शोधूनही आजार सापडला नाही. त्याच अ‍ॅप्लीचा एक ठोकताळा आम्ही अजून वापरतो: दुखणे बेंबीपासून जितके लांब, तितका शारीरिक कारणाचा संशय जास्त.

पण इथे पालकांकडून एक घोटाळा नेहमी होतो. ‘तपासणीत काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘मूल खोटे बोलते’ असा ते लावतात. दुखते ते खरेच दुखते. ताणामुळे दुखले तरी ते पोटातच दुखते. पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप किंवा सारख्या उलट्या असतील, दुखणे एकाच बाजूला आणि वाढते असेल, तर थांबू नका. यांपैकी काही नसेल तर सवडीने, पण नीट शोध घ्यावा. आणि एक प्रश्न: मुलीला शौचाला रोज होते का, असे डॉक्टरांनी विचारले असेल, तेव्हा उत्तर कोणी दिले, तुम्ही की तिने?


रेघोटी | बुधवार, सकाळी ९:१५

मीच दिले. ‘होते’ असे सांगितले. तुमचा प्रश्न वाचल्यावर लक्षात आले की ती सहा वर्षांची झाल्यापासून एकटी जाते आणि मला खरे तर काहीच ठाऊक नाही. आज शाळेत जाऊन येते.


पानगळ | बुधवार, दुपारी १२:३०

रेघोटीताईंचे उत्तर येईपर्यंत माझाही एक अपराध नोंदवते. शाळेत दृष्टितपासणी झाली होती आणि नर्सबाईंनी ‘डावा डोळा तज्ज्ञांना दाखवावा’ अशी चिठ्ठी मुलाबरोबर पाठवली होती. ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी, तुटलेल्या खडूच्या भुग्यात, चार घड्या होऊन दोन महिने पडून होती. नर्सबाईंनी पुन्हा विचारले म्हणून सापडली. मुलाने कधी तक्रार केली नाही, कारण उजवा डोळा उत्तम असल्यामुळे त्याला सगळे दिसतच होते; डावा मात्र मेंदूने वापरणेच सोडत आणले होते. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले की असा आळशी डोळा साधारण सात वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी बराच सुधारतो, पुढे ते अवघड होत जाते. तो तेव्हा सहा वर्षे दहा महिन्यांचा होता. आता आमच्या घरी रोज संध्याकाळी दप्तर उलटे करून झटकले जाते.


अबोली_२ | बुधवार, दुपारी ३:१०

माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. शाळेत अ‍ॅड्रिनॅलिनचे पेन (लगेच टोचायचे इंजेक्शन) दिलेले आहे, फॉर्म भरलेला आहे, सर्वांना माहीत आहे, अशा समजुतीत मी दोन वर्षे निर्धास्त होते. एकदा सहज विचारले, पेन कुठे असते? कपाटात. कपाटाला कुलूप होते. किल्ली कार्यालयातल्या ज्या बाईंकडे, त्या त्या दिवशी रजेवर होत्या. कुलूप फोडल्यावर आत पेन सापडले, आणि त्याची मुदत पाच महिन्यांपूर्वी संपली होती. मुदतीची तारीख पाहणे हे माझेच काम होते, त्यामुळे फार बोलायला जागा नव्हती.

घशाला सूज येऊन श्वास कोंडतो तेव्हा हाती मिनिटे असतात. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडल्यास कपड्यावरूनच टोचायचे, मुलाला आडवे ठेवायचे, श्वास कोंडत असेल तर बसू द्यायचे, पण उभे करून चालवत न्यायचे नाही, आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यायचेच. हे सारे कागदावर लिहिलेले होते, आणि तो कागदही त्याच कपाटात होता. रेघोटीताई, किती सांगावे याबरोबरच सांगितलेले कुठे ठेवले आहे, हे स्वतः जाऊन पाहावे, असे मी सुचवेन.


शंकासुर | बुधवार, संध्याकाळी ५:४०

अबोली_२ यांचा प्रतिसाद वाचून थोडा निवळलो. एक व्यवहारी सूचना करतो, कोणाला पटली तर पाहा. आता मी फॉर्मच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहितो: ‘ही माहिती केवळ आरोग्य कक्षासाठी आहे, वर्गशिक्षकांना दम्याच्या पंपाची जागा व वापर एवढेच कळवावे.’ खाली सही आणि तारीख. धाकटीच्या वेळी असे केले, तेव्हा नर्सबाईंनी त्याची प्रत काढून मला दिली. संशयी माणसाला प्रत मिळाली की निम्मी शांती मिळते.


तीन_तेरा | बुधवार, संध्याकाळी ५:५२

उरलेली निम्मी?


शंकासुर | बुधवार, संध्याकाळी ५:५५

प्रत कुठे ठेवली हे आठवले की.


रेघोटी | बुधवार, रात्री १०:३०

सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांनी इतक्या आस्थेने उत्तरे दिली आहेत.

सकाळी नर्सबाईंना भेटले आणि आधी दोन्ही रकाने तोंडी भरले. दुसरा रकाना ‘रात्री अंथरूण ओले होते का’ असा होता. चार वर्षे पूर्ण कोरडी राहिलेली मुलगी गेल्या दीड-दोन महिन्यांत आठवड्यातून एकदोनदा अंथरूण ओले करते. मला वाटत होते की हे वडील दूर असल्यामुळे होते आहे, आणि ते शाळेत कळले तर तिची चेष्टा होईल. नर्सबाईंनी नोंदवही माझ्याकडे वळवली. सातही वेळा पाचव्या तासाच्या सुमारास, म्हणजे मधल्या सुट्टीनंतर. गणित त्यांतल्या दोनच दिवशी होते, तीन_तेरा यांनी नोंद घ्यावी. मग त्यांनी विचारले, पाण्याची बाटली कशी येते? मधली_सुट्टी यांनीही हेच विचारले होते, आणि मी सोमवारी रात्री वाचूनही ते सोडून दिले होते. बाटली भरलेली येते. गेले कित्येक दिवस मी तेच पाणी झाडांना घालते आहे.

त्यांनी मुलीला बोलावले नाही. मला घेऊन चौथीच्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहात गेल्या. तीन दारे आहेत. दोन दारांच्या कड्या तुटलेल्या, त्यांतल्या एकाला कडीच्या जागी दोरीचा तुकडा बांधलेला. तिसऱ्या दारासमोर मधल्या सुट्टीत रांग लागते आणि मोठ्या मुली लहानांना पुढे जाऊ देत नाहीत. माझी मुलगी सकाळी साडेसहाला घरून निघाल्यावर दुपारी घरी येईपर्यंत एकदाही जात नाही. जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाही. शौचाची भावना झाली तरी दाबून धरते, आणि घरी आल्यावर ती भावना निघून गेलेली असते. हे तिने आज रात्री मला अंधारात, पांघरुणातून सांगितले. ती घरी आल्या आल्या चपला न काढता आत पळते, हेही मी रोज पाहत होते.

संध्याकाळी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेले. या वेळी त्यांनी प्रश्न तिला विचारले. तीन-चार दिवसांनी एकदा होते आणि दुखते, असे ती म्हणाली. त्यांनी समजावले की शौच दाबून ठेवले की त्यातले पाणी शोषले जाऊन तो खडा होतो, मग दुखते, दुखते म्हणून मूल आणखी दाबते, आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देत राहिल्याने रात्री अंथरूण ओले होऊ शकते. औषध काही महिने घ्यावे लागेल, बरे वाटले म्हणून मध्येच थांबवायचे नाही. जेवणानंतर पाच-दहा मिनिटे, पायाखाली पाट घेऊन, घाई न करता बसायचे.


बालवैद्य | बुधवार, रात्री ११:००

उत्तम झाले. एक भर घालतो: कडी दुरुस्त झाली म्हणून आतडे लगेच ताळ्यावर येत नाही, ताणलेले आतडे आकसायला वेळ लागतो. औषध लवकर बंद केल्याने परत येणारी मुले मी फार पाहतो. आणि वडील दूर असण्याचा काही संबंध नाही, असेही समजू नका. एकाच पोटदुखीला दोन कारणे असायला काही हरकत नसते.


मधली_सुट्टी | गुरुवार, सकाळी ७:०५

ताई, लघवी दाबून ठेवणाऱ्या मुलींना मूत्रमार्गाचा संसर्गही लवकर होतो, तेव्हा जळजळ किंवा ताप आला तर लगेच दाखवा. वर्ग चालू असताना कधीही उठून जाण्याची परवानगी तिला लेखी मिळवून द्या. आमच्याकडे अशा मुलांना एक छोटे कार्ड देतो. ते बाकावर ठेवून मूल न विचारता बाहेर जाते. शिक्षकांना कारण सांगावे लागत नाही, शंकासुर यांनाही ते मान्य व्हावे.


शंकासुर | गुरुवार, सकाळी ७:४०

मान्य. पण कड्यांचे काय झाले?


रेघोटी | शुक्रवार, रात्री ८:१५

नर्सबाईंनी नोंदवहीतून आणखी एक गोष्ट काढली: त्याच मजल्यावरच्या आणखी नऊ मुली गेल्या दोन महिन्यांत पोटदुखीसाठी आल्या होत्या. नावे न घालता त्यांनी तो आकडा मुख्याध्यापकांपुढे ठेवला. आज दोन्ही दारांना नव्या कड्या लागल्या. मधल्या सुट्टीत पहिली दहा मिनिटे चौथीपर्यंतच्या मुलींसाठी राखून ठेवणार आहेत. ते किती दिवस टिकते ते पाहू.

आज बाटली अर्धी रिकामी आली.